वाचवलेल्या धावांचा हिशेब

साताऱ्यात खेळाचा विषय निघाला की पहिले नाव येते खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. सांगलीत हाच विषय निघाला की विजय हजारे, नंदू नाटेकर आणि आता स्मृती मानधना ही नावे आपोआप ओठांवर येतात. पण ‘सातारा जिल्ह्यात जन्मलेला कसोटी क्रिकेटपटू सांगा’ असे विचारले की चांगले जाणकारही गप्प होतात. मी हा प्रश्न अनेकांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांचे उत्तर एकच असते : कुस्ती आमची, क्रिकेट पुण्या-मुंबईचे.

या प्रश्नाचे उत्तर आहे जयसिंगराव मानसिंगराव घोरपडे. जन्म २ ऑक्टोबर १९३०, पाचगणी. १९५३ ते १९५९ या काळात ते भारताकडून ८ कसोटी सामने खेळले. त्यांची आकडेवारी दोन ओळींत संपते. १५ डाव, २२९ धावा, सरासरी १५.२६, सर्वोच्च धावसंख्या ४१. ते लेगस्पिन टाकत, पण कसोटीत त्यांना एकही बळी मिळाला नाही.

एवढे वाचून कोणीही पान उलटेल. मीही बरीच वर्षे उलटत होतो. पण त्या काळातल्या सामन्यांचे धावफलक एकापुढे एक ठेवून वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट खटकू लागली. ज्याची सरासरी पंधरा आणि ज्याच्या नावावर एकही बळी नाही, अशा माणसाला निवड समितीने सहा वर्षांत पुन्हा पुन्हा का बोलावले असेल? याचे उत्तर धावफलकात सापडत नाही, कारण घोरपडे ज्या गोष्टीसाठी ओळखले जात ती नोंदवायला धावफलकात रकानाच नाही. ती गोष्ट म्हणजे क्षेत्ररक्षण.

दक्षिण सातारा

घोरपड्यांकडे वळण्यापूर्वी थोडा भूगोल सांगायला हवा. आज सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे असले, तरी संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली जो जिल्हा झाला त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असे होते. ‘सांगली जिल्हा’ हे नाव त्याला १९६० साली मिळाले. त्याआधी या मुलखात ब्रिटिश अंमलाखालचे तालुके आणि संस्थाने यांची गोधडीच होती. सांगली, मिरज, जमखंडी ही पटवर्धनांची संस्थाने. औंध, फलटण, भोर, जत या साताऱ्याच्या जुन्या जहागिरी. गावाची शीव ओलांडली की राजा बदलायचा.

खेळाच्या दृष्टीने या तुकड्यांना महत्त्व होते. क्रिकेटला मैदान लागते, खेळपट्टी लागते, साहित्य लागते, आणि खेळणाऱ्याला पोटापाण्याची सोय लागते. त्या काळी हे पुरवणारे दोघेच : एक मिशनच्या आणि निवासी शाळा, दुसरे संस्थानिक. पाचगणीत पहिल्या प्रकारची रेलचेल होती. जॉन चेसन यांनी वसवलेल्या या थंड हवेच्या गावात इंग्रजी धर्तीच्या निवासी शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर क्रिकेट, हॉकी, फुटबॉल हे खेळही घाट चढून वर आले. दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे जत.

जत हा कायमचा दुष्काळी भाग. पण १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या डफळे राजांनी थेट ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेट यांना प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले होते. कसोटी क्रिकेटमध्ये २०० बळींचा टप्पा सर्वांत आधी गाठणारा हा लेगस्पिनर. माणदेशाच्या उन्हात तो चेंडू कसा वळवायचा हे शिकवत होता, हे चित्रच विलक्षण आहे. त्याच्या मार्गदर्शनाचा सर्वांत मोठा लाभ झाला तो सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेल्या विजय हजारे यांना.

ज्यांच्याविरुद्ध ३१६, त्यांच्याकडेच

हजारे सुरुवातीला महाराष्ट्राकडून रणजी करंडक स्पर्धेत खेळले. १९३९-४० च्या मोसमात प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हा करंडक प्रथमच जिंकला. त्याच मोसमात पुण्यात हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे हे हजारे गेले कुठे, तर बडोद्यालाच. गायकवाडांच्या दरबाराने त्यांना आश्रय दिला आणि मग जन्मभर ते बडोद्याचे झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागीदारी त्यांनी केली ती बडोद्याकडूनच. २००४ साली त्यांचे निधन झाले तेही बडोद्यात.

सांगलीचा माणूस बडोद्याला का गेला, याचा राग मानण्याचे कारण नाही. तेव्हा क्रिकेट खेळून पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी देणारा कोणीतरी लागे. पुण्यात नाव होते, पण बडोद्यात नावाबरोबर निर्वाहही होता. शिवाय बडोदा म्हणजे मराठी माणसाला परमुलूख थोडाच? दरबार मराठी, वाडे मराठी, गणपती आणि कीर्तने मराठी. आपल्याकडच्या कित्येक घराण्यांची एक पाती तिकडे रुजलेली असे.

पाचगणीला जन्मलेले घोरपडेही बडोद्याकडूनच खेळले. १९४९ साली बडोदा संस्थान विलीन झाले, पण बडोद्याचा क्रिकेट संघ विलीन झाला नाही. तो आजही वेगळा खेळतो. घोरपडे यांच्या काळात, १९५७-५८ मध्ये, बडोद्याने सेनादलाला हरवून पुन्हा रणजी करंडक जिंकला. म्हणजे सातारा-सांगलीच्या मातीतले दोन कसोटीपटू, एक थोर आणि एक विस्मृत, तीनशे कोसांवरच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसत होते.

दिल्लीतले झेल आणि त्रिनिदादचे जहाज

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली. कर्णधार म्हणून हजारे यांचा हा पहिला सामना. सदू शिंदे यांनी पहिल्या डावात ९१ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला २०३ धावांत गुंडाळले. मग विजय मर्चंट यांनी १५४ आणि खुद्द हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती, आणि आता विजय हाताशी आला होता. पण दुसऱ्या डावात शिंदे यांच्या गोलंदाजीवर झेलामागून झेल सुटत गेले. ॲलन वॉटकिन्स शतक ठोकून उभा राहिला आणि सामना अनिर्णित सुटला. पहिल्या विजयासाठी फेब्रुवारी १९५२ मधल्या मद्रास कसोटीची वाट पाहावी लागली.

त्यानंतर वर्षभराने, १९५३ च्या आरंभी, भारतीय संघ प्रथमच वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार हजारेच. या संघात बावीस वर्षांचे घोरपडे होते, पुण्याचे चंद्रशेखर गडकरी होते, माधव आपटे, दत्ताजीराव गायकवाड, पॉली उम्रीगर होते. दिल्लीत सुटलेल्या झेलांचा धडा या निवडीमागे होता, असा माझा तर्क आहे. तर्क सोडला तरी परिणाम समोर आहे. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट भर बहरात असताना, त्यांच्याच मैदानांवर, पाचपैकी चार कसोट्या अनिर्णित राहिल्या. भारत हरला तो फक्त ब्रिजटाऊनला. या संघाचे क्षेत्ररक्षण तोवरच्या कोणत्याही भारतीय संघापेक्षा सरस मानले गेले आणि त्यात कव्हरला उभ्या राहणाऱ्या घोरपड्यांचे नाव अग्रभागी होते. त्यांची कसोटी कारकीर्द याच दौऱ्यावर सुरू झाली.

सुभाष गुप्ते यांनी त्या मालिकेत २७ बळी घेतले. हे बळी गुप्ते यांच्या मनगटाचे, यात शंकाच नाही. पण लेगस्पिनर चेंडूला उंची देतो तो चौकार बसण्याची जोखीम पत्करून. कव्हरमध्ये चपळ माणूस आहे या भरवशावरच तो एक चेंडू आणखी पुढे, आणखी हळू टाकतो. तो भरवसा मोजायचा कसा?

गुप्त्यांच्या सावलीत

आता त्या ‘एकही बळी नाही’ या शेऱ्याकडे पाहू. घोरपडे लेगस्पिनर होते, आणि त्यांचा काळ नेमका सुभाष गुप्ते यांचा काळ होता. ३६ कसोट्यांत १४९ बळी घेणारा लेगस्पिनर संघात असताना आणि दुसऱ्या टोकाला अनेकदा विनू मंकड असताना, त्याच प्रकारच्या दुसऱ्या गोलंदाजाच्या हाती चेंडू कधी येणार? आला तरी चार-दोन षटकांपुरता. पुढे १९५८-५९ मध्ये चंदू बोर्डे आले : मधल्या फळीतले फलंदाज, लेगस्पिनर आणि तेही तेव्हा बडोद्याकडून खेळणारे. घोरपडे यांच्या जागेवर त्यांच्याच घरातला, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आणि खरे सांगायचे तर त्यांच्याहून सरस खेळाडू येऊन उभा राहिला. बोर्डे ५५ कसोट्या खेळले.

काळही अनुकूल नव्हता. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यापासून १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत भारताने एकूण २८ कसोट्या खेळल्या. त्यातल्या ८ घोरपडे यांच्या वाट्याला आल्या. नोव्हेंबर १९५६ नंतर तर पूर्ण दोन वर्षे भारताला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. घोरपडे तेव्हा सव्वीस ते अठ्ठावीस वर्षांचे होते. फलंदाजाच्या उमेदीची ही वर्षे कोरडी गेली. पुन्हा सामने सुरू झाले ते गोंधळात : नोव्हेंबर १९५८ ते ऑगस्ट १९५९ या काळातल्या दहा कसोट्यांत भारताने सहा कर्णधार पाहिले. उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड, हेमू अधिकारी, दत्ताजीराव गायकवाड आणि पंकज रॉय. जिथे कर्णधाराचीच जागा पक्की नव्हती, तिथे सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाने कशाच्या भरवशावर पाय रोवायचे?

हे सांगताना एक पथ्य पाळायला हवे. विस्मृतीतल्या खेळाडूवर लिहिणाऱ्याला त्याला ‘अन्याय झालेला महान खेळाडू’ बनवण्याचा मोह होतो. घोरपडे महान फलंदाज नव्हते. १५ डावांत एकही अर्धशतक नाही, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने झाकता येत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की संघाला त्यांच्याकडून जे हवे होते, ते बरेचसे त्यांनी दिले. फक्त त्याची पावती मिळाली नाही.

लॉर्ड्सवरचे ४१

पावती म्हणावी असा एकच डाव सापडतो. जून १९५९, लॉर्ड्स. गायकवाड आजारी असल्याने पंकज रॉय नेतृत्व करत होते. भारताची पहिली फलंदाजी. ब्रायन स्टॅथमचा चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टर यांची बरगडी मोडली, तरी ते मैदान सोडेनात. समोर रॉय, उम्रीगर, मांजरेकर परतले होते. तेव्हा घोरपडे त्यांच्या साथीला आले आणि दोघांनी डाव सावरला. कॉन्ट्रॅक्टर ८१, घोरपडे ४१. ही जोडी फुटली आणि टॉमी ग्रीनहाऊ या लेगस्पिनरने ३५ धावांत ५ बळी घेत डाव १६८ वर संपवला. १६८ पैकी १२२ धावा या दोघांच्या; बाकीचे नऊ जण आणि अवांतर मिळून ४६.

भारताने इंग्लंडलाही २२६ वर रोखले. रमाकांत देसाई यांनी ५ बळी घेतले. पण दुसऱ्या डावात पुन्हा पडझड झाली आणि सामना ८ गड्यांनी गेला. मोडक्या बरगडीच्या कॉन्ट्रॅक्टर यांची गोष्ट आजही सांगितली जाते, आणि ती सांगितली जावीच. पण मोडक्या बरगडीचा माणूस टिकून राहतो तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणीतरी टिकून असावे लागते.

त्या मालिकेत घोरपडे लीड्स आणि ओव्हललाही खेळले. भारत पाचही कसोट्या हरला. ओव्हलनंतर घोरपडे यांना पुन्हा बोलावणे आले नाही. वय अवघे अठ्ठावीस. २९ मार्च १९७८ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

दोन खेळ, एक जहाज

आकड्यांनी माणूस कसा हरवतो याचे याहून टोकाचे उदाहरण मद्रासचे एम. जे. गोपालन यांचे आहे. कसोटी क्रिकेटच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे एक सामना आणि एक बळी दिसतो : कलकत्ता, जानेवारी १९३४, जार्डिनच्या संघाविरुद्ध. पण रणजी करंडकाच्या इतिहासातला पहिला चेंडू त्यांनी टाकला आहे. आणि हेच गोपालन हॉकीत सेंटर हाफ म्हणून ध्यानचंद यांच्या संघाबरोबर १९३५ साली न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले होते.

१९३६ साली त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. क्रिकेट संघ इंग्लंडला निघाला होता, हॉकी संघ बर्लिन ऑलिंपिकला. गोपालन यांनी क्रिकेटची बोट धरली. विझीच्या त्या भांडकुदळ दौऱ्यात त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. इकडे १५ ऑगस्ट १९३६ रोजी हॉकी संघाने जर्मनीला ८-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले.

तो काळ दोन खेळ खेळण्याचा होता. शाळा-कॉलेजांत पावसाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा खेळ चाले, आणि चपळ मुलगा दोन्हीत असे. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत; त्यांनी बॅडमिंटन निवडले आणि १९५६ साली क्वालालंपूरला परदेशातले आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. नाटेकर यांची निवड लागू पडली, गोपालन यांची पडली नाही. निवड करताना दोघेही सारखेच अंधारात होते.

गोपालन आणि घोरपडे यांच्यात मला एक साम्य दिसते. सेंटर हाफ गोल मारत नाही. तो समोरच्याचा पास तोडतो आणि चेंडू पुढे देतो. कव्हरचा क्षेत्ररक्षक बळी घेत नाही; तो चार धावांची एक करतो, कधी एकही होऊ देत नाही. दोघांचेही काम घडलेल्या गोष्टींत दिसत नाही, न घडू दिलेल्या गोष्टींत दिसते. आणि इतिहास लिहिणारे आपण सगळे घडलेल्याच गोष्टी मांडत बसतो.

रिकामा रकाना

आज परिस्थिती बदलली आहे. प्रत्येक चेंडूचे चित्रण होते, क्षेत्ररक्षकाने किती धावा वाचवल्या याचीही गणती होते, आणि संघांना क्षेत्ररक्षणाचा स्वतंत्र प्रशिक्षक असतो. १९५३ साली हे असते, तर घोरपडे यांच्या नावापुढे तिसरी ओळ आली असती आणि कदाचित ती पहिल्या दोन ओळींपेक्षा मोठी असती.

खेळांची वाटणीही आता वेगळी झाली आहे. सांगलीच्या मानधनाचा कव्हर ड्राइव्ह जगभर पाहिला जातो, तर सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे अशा मुली हॉकीची काठी घेऊन भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांना बडोदा गाठावे लागले नाही, कोणा राजाची मर्जीही राखावी लागली नाही. दक्षिण सातारा आणि उत्तर सातारा, दोन्हींनी मिळून दोन्ही खेळ राखले, असे म्हणायला हरकत नाही.

पाचगणीला दरवर्षी लाखो लोक जातात. टेबललँडवर फोटो काढतात, स्ट्रॉबेरी खातात, निवासी शाळांच्या कमानींकडे कौतुकाने पाहतात. आपल्या नकाशावर खाशाबांचे गोळेश्वर आहे, हजाऱ्यांची सांगली आहे. त्यात घोरपड्यांची पाचगणीही असायला हवी. पुढच्या वेळी कोणी विचारले, की सातारा जिल्ह्यात कसोटी क्रिकेटपटू कोण जन्मला, तर एक नाव तयार ठेवा. त्याने किती धावा केल्या हे विचारले तर २२९ म्हणून सांगा. आणि किती वाचवल्या हे विचारले, तर त्या कोणी मोजल्याच नाहीत, हेही सांगा.